कळण्याची भाकरी आणि शेवटचा रकाना

१ डिसेंबर, पिंप्राळा

ही वही नूतननं दिली आणि वर हुकूम सोडला, की आई, रोज काय खाल्लं ते लिहून ठेवायचं. धुळ्याच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ झाली म्हणून पोटची पोर आता मला जेवायला शिकवणार. सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने तिनं स्वतः आखून दिलेत आणि शेवटी चौथा, "पोट". म्हणजे परसाकडं कसं झालं ते. असलं कुणी लिहून ठेवतं का? पण शालिग्रामचं झाल्यापासून पोरगी धास्तावली आहे, म्हणून लिहिते.

शालिग्राम माझ्या पाठचा भाऊ, त्याच्यामागं आणखी एक भाऊ आणि एक बहीण. पहूरला त्याची केळी आणि कपाशी. दिवाळीच्या तोंडावर त्याच्या मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, वेळेत झालं म्हणतात, पण पोटावर पिशवी लावली आहे. शी त्या पिशवीत येते. काही महिन्यांनी काढतील. बावन्न वर्षांचा माणूस, केळीचा घड एका खांद्यावर उचलणारा, आता धोतर सोडून सैल लेंगा घालतो आणि कुणी आलं की पोटावर उपरणं ओढतो. मला ते बघवत नाही.

सकाळ: चहा, खारी दोन. दुपार: कळण्याची भाकरी, मेथी, मुळा. रात्र: खिचडी, ताक. पोट: उत्तम.

३ डिसेंबर

नूतन फोनवर अर्धा तास बोलली. आतड्याच्या कॅन्सरचा धोका जेवणानं कमी होतो, असं मोठमोठ्या अभ्यासात दिसलंय म्हणे. सालासकट धान्य, डाळी, पालेभाज्या, फळं खावी. तांबडं मटण आणि डब्यातलं मांस कमी, दारू-तंबाखू नको, वजन आटोक्यात, रोज चालायचं. धान्याच्या चोथ्यावर आतड्यातले चांगले जंतू जगतात आणि ते आतड्याचं अस्तर सांभाळतात.

मी म्हटलं, बाई गं, हे शोधायला एवढे शिकलेले लोक लागले? कळण्याची भाकरी म्हणजे दुसरं काय आहे? ज्वारी आणि सालासकट उडीद, जात्यावर दळलेले. माझ्या आईनं तिच्या आईकडून घेतलं, मी आईकडून. सगळं जग जिथं आता पोचतंय तिथं आम्ही खान्देशातल्या बायका कधीच्या चूल पेटवून बसलोय. मला फार बरं वाटलं. दिवसभर उगीच गुणगुणत होते.

शेवटी म्हणाली, "आई, धोका कमी होतो, जात नाही. मामाचं झालंय, म्हणजे तुझी दुर्बिणीची तपासणी करायची आहे." मी म्हटलं, दूध उतू जातंय, ठेवते.

पोट: उत्तम.

७ डिसेंबर

चंपाषष्ठी. चातुर्मासात वर्ज्य केलेलं वांगं आजपासून सुटलं. पहिलं भरीत केलं. बाजारातून पांढरट हिरवी, बिया कमी असलेली मोठी वांगी मी स्वतः दाबून आणली. यांना पाठवलं तर जांभळी घेऊन येतील. वीज मंडळात नोकरी करून निवृत्त झाले, पण वांगं ओळखता येत नाही.

मी भरिताच्या ऑर्डरी घेते हे या वहीत लिहून ठेवायला हवं. पिंप्राळ्यात, पार जळगाव शहरात, "लताबाईंचं भरीत" म्हटलं की लोक घराचा पत्ता विचारत नाहीत. एकवीस वर्षं झाली. कुणाच्या नावावर मोठी झालेली नाही मी.

आज एक ठरवलं. शालिग्रामच्या मळ्यात दरवर्षी भरीत पार्टी होते, साठ-सत्तर माणूस, सगळी भावकी. या वर्षी कामिनी म्हणत होती, राहू द्या. कामिनी म्हणजे शालिग्रामची बायको. मी म्हटलं, राहू द्यायचं नाही. पार्टी होणार आणि माझ्या पद्धतीनं होणार. पुरी बंद. जिलबी बंद. तेलात पोहणारं भरीत बंद. कळण्याची भाकरी, बेताच्या तेलातलं भरीत, कांद्याची पात, मुळा, गाजर, काकडी, ताक. घरातल्या एकाला झालं, आता दुसऱ्या कुणाला होऊ देणार नाही.

पोट: उत्तम.

९ डिसेंबर

सगळ्यांना फोन झाले. थोरल्या चुलतभावाचा मुलगा स्वप्नील म्हणाला, आत्या, पुरीशिवाय भरीत पार्टी म्हणजे बँडशिवाय वरात. मी म्हटलं, तू ये, नाही आवडलं तर तुझ्यापुरत्या पुऱ्या तळीन आणि तुझ्यासमोर बसून एकेक मोजून खाऊ घालीन.

हे म्हणाले, साठ माणसांच्या भाकरी थापणार कोण? माणशी दोन धरल्या तरी सव्वाशे. मी म्हटलं, मी. हे म्हणाले, तू हल्ली दमतेस. मी दमत नाही. वय झालंय, सगळेच दमतात.

पोट: उत्तम.

१५ डिसेंबर

मधलं पान फाडलं. तेल सांडलं होतं.

सब्जा भिजवून घेतला. हिरवी मिरची या दिवसांत जरा जास्तच होते, उष्णता वाढते. भरिताची चव बघायची म्हणजे मिरची पोटात जाणारच. आमच्याकडं प्रत्येक बाईला केव्हा ना केव्हा मूळव्याधीचा त्रास असतो, त्यात सांगण्यासारखं काय आहे.

हे आज वही चाळत बसले होते. मी आले तर पटकन मिटली. विचारलं, काय बघत होता? म्हणाले, काही नाही, तुझं अक्षर छान आहे. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा अक्षर दिसलं यांना.

पोट: उत्तम.

१८ डिसेंबर

नूतनचा फोन. मामासाठी वेगळं जेवण लिहून पाठवलंय: मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, सोललेला शिजवलेला दुधी. भाकरी, शेंगदाणे, कच्चा मुळा, सालाचं काही सध्या नको. पिशवी आहे तोवर आतडं जपायचं.

मी म्हटलं, परवाच तू मला सांगितलंस की चोथा आतड्याला चांगला. म्हणाली, "तो न झालेल्या माणसाला, आई. मामाचं आतडं कापून जोडलंय." मला हे पटलं नाही. चांगलं ते चांगलंच असतं. दोन महिने पेज आणि भात खाऊन त्याचा चेहरा पिठासारखा झालाय. पण वाद घातला नाही. कागद पर्समध्ये ठेवला.

२२ डिसेंबर, रात्री पहूरहून आल्यावर

काय दिवस गेला. हात दुखतायत, तरी लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

पहाटे पाचला मळ्यात पोचलो. जीवरामनानांनी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या, काड्यांचा ढीग रचून ठेवला होता. नाना पंच्याहत्तरीचे, गेली चाळीस वर्षं या मळ्यात वांगी तेच भाजतात, दुसऱ्याला काडी हलवू देत नाहीत. वांगी काड्यांत सारली, जाळ केला, साल काळं झालं की बाहेर. बायकांनी सोलली, लाकडी मुसळीनं ठेचली. लसूण, मिरची, शेंगदाणे, पात, कोथिंबीर. तेल मी स्वतः ओतलं, दुसऱ्या कुणाला डबा दिला नाही. दरवर्षीच्या निम्मं.

तीन चुली मांडल्या. एकीवर मी, बाकी दोन्हींवर कामिनी आणि तिची भावजय. एकशे चाळीस भाकरी झाल्या, त्यातल्या साठ माझ्या हातच्या, एक फाटली नाही. केळीच्या पानावर गरम भरीत, त्यावर भाकरी. आधी सगळे पुरीसाठी इकडंतिकडं बघत होते. मग स्वप्नीलनं दुसरी भाकरी मागितली. मग तिसरी. चौथ्या वेळी माझ्याकडं न बघता पान पुढं केलं. मी नुसती वाढली. एवढं सुख मला कधी झालं नव्हतं.

जेवणं झाल्यावर उभी राहून बोलले. आयुष्यात पहिल्यांदा साठ माणसांसमोर. सांगितलं, की आपलं जुनं जेवण सोडू नका, बेकरीचं आणि तळलेलं कमी करा, तंबाखूच्या पुड्या फेका, माझा भाऊ बघा. असं खाल तर हा रोग तुमच्या उंबऱ्यात येणार नाही. टाळ्या वाजल्या. जीवरामनाना म्हणाले, "लता, तू डॉक्टर व्हायले पायजे होती."

शालिग्राम लांब केळीच्या कडेला खाटेवर बसला होता. माणसांत यायला लाजतो, पिशवीचा वास येईल म्हणतो. त्याच्यासमोर मऊ भाताचं ताट तसंच होतं. माझ्याकडं बघून म्हणाला, अक्का, सगळे खाऊ राह्यले, मी कायले भात खाऊ? मला राहवलं नाही. एक भाकरी, भरीत, मुळ्याच्या चार फोडी वाढल्या. डोळे मिटून खाल्लं त्यानं. दुसरी मागितली, ती पण दिली. दोन महिन्यांनी भाऊ पोटभर जेवला, माझ्या हातचं जेवला.

पोट: उत्तम. एकदम उत्तम.

२४ डिसेंबर, जळगाव, दवाखान्यात

शालिग्रामला काल पहाटे आणलं. पोट फुगलं, पिशवीत काही येईना, कळा, उलट्या. आतड्यात अन्न अडकलं. सालं, शेंगदाण्याचे तुकडे, मुळा. डॉक्टरांनी विचारलं, आदल्या दिवशी काय खाल्लं? कामिनीनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. तिनं नाव सांगितलं नाही. मीच सांगितलं.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, जे जेवण निरोगी आतड्याला राखतं, तेच ताज्या जोडलेल्या आतड्याला जड जातं, ताई. सलाईन लावलंय, तोंडानं सगळं बंद, बहुतेक आपोआप मोकळं होईल, नाही तर पुन्हा उघडावं लागेल.

पर्समध्ये नूतनचा कागद आहे. चार घड्या घातलेला. बाहेरच्या बाकावर बसून वाचला. सगळं लिहिलेलं होतं.

२५ डिसेंबर

मोकळं झालं. दुपारी पिशवीत आलं. कामिनी धावत बाहेर आली सांगायला आणि मी त्या शीच्या बातमीवर दवाखान्यात सगळ्यांसमोर रडले.

संध्याकाळी त्याच्याजवळ एकटी होते. हात धरला आणि म्हटलं, चुकले रे. तो हसला. म्हणाला, भाकर झकास होती, अक्का. मग छताकडं बघत म्हणाला:

"तू पार्टीत सांगितलं, असं खाल्लं तर रोग येत नाही. मी काय वंगाळ खाल्लं वं? मटण नाही, दारू नाही, पुडी नाही. आपल्याच आईच्या हातची भाकर खाल्ली मी. मग मले कसा झाला?"

साठ माणसांसमोर बोललेलं प्रत्येक वाक्य त्यानं त्या खाटेवर बसून ऐकलं होतं. म्हणजे मी सगळ्यांना सांगत होते की याचंच काहीतरी चुकलं असणार.

तेवढ्यात डॉक्टर आले. मला विचारलं, तुम्ही सख्ख्या बहीण ना? तपासणी झाली? काही त्रास, रक्त वगैरे? मी म्हटलं, नाही, काही नाही. शालिग्राम माझ्याकडं बघत होता.

२६ डिसेंबर

फाडलेल्या पानावर जे लिहिलं होतं ते पुन्हा लिहिते.

१२ डिसेंबर. पोट: रक्त. आधी दसऱ्याच्या सुमारास दोनदा. त्याआधी श्रावणात. पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. वजन कमी झालंय, ब्लाऊज सैल होतायत, पण बायका म्हणतात, लताबाई, छान दिसता, काय करता? मी म्हणते, कळण्याची भाकरी.

मूळव्याध असेल म्हणून सब्जा, गुलकंद, ताक, सगळं केलं. आणि खरं कारण लिहायचं तर हे: मला पिशवीची भीती वाटते. शालिग्रामच्या पोटावर बघितली तेव्हापासून. आणि दुसरं: लताबाईंच्याच पोटात काही निघालं तर लताबाईंची भाकरी कोण खाणार?

लिहिलं. आता यांना दाखवते.

नंतर: यांनी वाचलं. काहीच आश्चर्य वाटलं नाही यांना. म्हणाले, सब्जाची बरणी महिन्यात दोनदा संपली, मला कळत नाही का? तोंडानं विचारलं असतं तर तू मला घराबाहेर काढलं असतंस, म्हणून नूतनला वही आणायला सांगितलं. मी फार रागावले. मग चहा ठेवला, दोघांचा.

१४ जानेवारी

संक्रांत. दुर्बिणीची तारीख मिळाली, धुळ्याला, २३ तारीख. शालिग्रामला फोन करून सांगितलं. म्हणाला, मी येतो तुह्यासंगं. मी म्हटलं, तू भात खा गपचूप.

२१ जानेवारी, धुळे

एसटीनं आलो. एरंडोलला गाडी थांबली तेव्हा पद्मालयाच्या गणपतीला बसल्या जागेवरून हात जोडले. नवस बोलले नाही.

आता गंमत लिहिते. तपासणीआधी आतडं स्वच्छ लागतं, म्हणून दोन दिवस भाकरी नाही, पालेभाजी नाही, बी नाही, साल नाही. पांढरा भात आणि डाळीचं वरचं पाणी. लताबाई, वय अठ्ठावन्न, एकशे चाळीस भाकऱ्यांच्या धनी, लेकीच्या घरी पांढरा भात खातायत. नूतन वाढताना तोंड दाबून हसत होती. मी म्हटलं, हस. मग दोघी हसलो आणि मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. एवढी शिकलेली पोर, हातात सगळे आकडे, आणि आईसमोर काही चालत नव्हतं तिचं. मला माझाच राग आला.

२२ जानेवारी

पावडरचं पाणी. दोन लिटर. चवीबद्दल काही लिहीत नाही. रात्रभर संडासात बैठक. चौथ्या रकान्यात जागा पुरणार नाही.

२३ जानेवारी

गुंगीत होते, काही कळलं नाही. एवढ्यासाठी इतके महिने घाबरले. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, नूतनच्याच वयाच्या. त्यांनी पडद्यावरचा फोटो दाखवला. मोठ्या आतड्यात दोन मस होते, चामखिळीसारखे वाढलेले. एक बोराएवढा, त्यातून रक्त यायचं. दोन्ही तिथल्या तिथं दुर्बिणीतूनच काढले. तपासायला पाठवलेत.

विचारलं, एवढी भाकरी खाऊन मला कसे झाले? म्हणाल्या, घराण्यात असू शकतं, वय असू शकतं, कधी कारण सापडत नाही. मग चांगलं जेवून काय उपयोग, असं मी जरा तावातच विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही शेताला कुंपण घालता ना? कुंपण आहे म्हणून राखण सोडता का? जेवण हे कुंपण, तपासणी ही राखण."

हे मला कुणी आधीच असं का सांगितलं नाही? सांगितलं होतं. नूतननं ३ डिसेंबरला सांगितलं होतं. दूध उतू जात नव्हतं त्या दिवशी.

३० जानेवारी

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. मोठ्या मसात पेशी बदलायला लागल्या होत्या, तीन-चार वर्षं तसाच राहिला असता तर झाला असता, असं म्हणाल्या. आता तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण.

शालिग्रामला फोन लावला. रिपोर्ट वाचून दाखवला. मग कामिनीनं फोन घेतला, म्हणाली, ते रडू राह्यले अक्का, चांगलं रडू राह्यले. आणि म्हणाली, त्यांनी धाकट्या भावाला आणि बहिणीला स्वतः फोन केले, तपासणी करा म्हणून. म्हणाले, अक्का तपासणी करून आली, आता कोणाची सबब ऐकायची नाही.

२ फेब्रुवारी, पिंप्राळा

आज हळदीकुंकू केलं. आमच्या कॉलनीतल्या तीसेक बायका आल्या. वाण म्हणून प्रत्येकीला कळण्याचं पीठ दिलं, अर्धा किलोची पिशवी, वर माझ्या हातानं कृती लिहिलेली चिठ्ठी. सगळ्यांनी कौतुक केलं. एकीनं नेहमीप्रमाणं म्हटलं, लताबाई, बारीक झालात, हे पीठ खाऊनच ना?

मी हळदीकुंकवाचं ताट खाली ठेवलं. म्हटलं, पीठ खाऊन नाही. मला संडासातून रक्त जात होतं, श्रावणापासून. मी कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांना चांगलं खायला सांगत फिरले आणि स्वतःचं लपवलं. आतड्यात मस निघाले, काढले, आता मी बरी आहे. भाकरी खाच, त्यानं धोका कमी होतो हे खरंय, माझ्या लेकीनं शिकून सांगितलंय. पण रक्त दिसलं तर सब्जा पिऊन बसू नका. आणि घरात कुणाला झालं असेल तर रक्त दिसायची पण वाट बघू नका.

दोघीतिघींनी पदर तोंडाला लावला. हळदीकुंकवात संडासाचं बोलले, कॉलनीत वर्षभर पुरेल. मी तिळगूळ वाटायला घेतला. एकेक करून सगळ्या गेल्या.

भिकुबाई तेवढी राहिली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानवाली, बासष्टीची, भांडकुदळ, माझ्या पिठाला नेहमी नावं ठेवणारी. पेले उचलायला लागली. मी म्हटलं, राहू द्या. ती माझ्याकडं न बघता म्हणाली:

"तो धुळ्याचा नंबर देता का? मला दोन वर्षं झाली."

मी नंबर लिहून दिला. मग तो कागद परत घेतला, फाडला आणि म्हटलं, चार घड्या करून पर्समध्ये ठेवाल तुम्ही, माहितीये मला. गुरुवारी सकाळच्या एसटीनं मीच घेऊन जाते.

भाकरी मी आयुष्यात लाखभर थापल्या असतील. पण आजच्यासारखी मान ताठ कधी झाली नव्हती.

सकाळ: चहा, खारी नाही. दुपार: भाकरी, वरण, पात. रात्र: तिळगूळ फार झाला, ताक. पोट: उत्तम. खरंच उत्तम.